वाघराबाहेरचं घर

माझा नातू ओंकार पुण्यात वकिलीचं शिकतो. रविवारी दौंडला येतो तो मळलेले कपडे आणि एखादा वाद, दोन्ही घेऊनच येतो. परवा जेवता जेवता कानाला फोन लावून मित्राशी भांडत होता. सरकारनं देशभर एखादं धोरण लागू केलं आणि दोन-चार माणसं त्याच्याविरुद्ध कोर्टात गेली, तर कोर्टानं ते धोरण कुणापुरतं थांबवावं? त्या दोन-चार जणांपुरतं, का सगळ्या देशात? मित्राचं म्हणणं, जो पंगतीला बसला त्यालाच वाढावं. ओंकारचं म्हणणं, धोरणच चुकीचं असेल तर जो कोर्टापर्यंत पोचला नाही त्यानं काय पाप केलं? फोन ठेवून मला म्हणाला, "आजी, तू सांग. कोर्टात न गेलेल्याला स्टे मिळावा का?" मी म्हटलं, भाकरी निवतीय, आधी जेव. तो हसला. आजीला यातलं काय कळतंय, असं वाटलं असणार त्याला. कळतं रे बाबा. तुझ्या बापाचा जन्मही झाला नव्हता तेव्हा शिरूरच्या कोर्टाच्या आवारात वकिलांच्या एका म्हाताऱ्या मुनशींनी मला ते चांगलं समजावून सांगितलं होतं. मी ते पोटात ठेवलं आणि अजून तिथंच आहे.

या आठवणींच्या मागच्या पानांमध्ये मी माझं बरंच कौतुक करून घेतलंय. वस्तीवरची पहिली बारावी झालेली पोरगी, रोज एसटीनं घोडनदीला, म्हणजे शिरूरला, कॉलेजला जाणारी, घोंगडीवर बसून चिमणीच्या उजेडात अभ्यास करणारी. ते काही खोटं नाही. पण आता सांगते तेही त्याच पोरीचं आहे, आणि ते गाळलं तर आधीचं सगळं लिहिलेलं नुसती शेखी ठरेल. तीस वर्षं मास्तरीण होते मी. 'नेहमी खरे बोलावे' हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. लिहिताना पाठ पोरांकडे असायची ते एक बरं होतं.

आमची वस्ती गायरानावर. धनगरांची पाच घरं, एका रांगेत. आज्जा वर्षभर मेंढरांमागं हिंडायचा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हिंडणं सोडून तिथं दगडमातीचं घर घातलं, गावात एकाची जमीन वाट्यानं धरली आणि वीस-पंचवीस मेंढरं मात्र ठेवली. मेंढरं नसली तर झोप लागत न्हाई, असं म्हणायचे. खरंच होतं ते. पहाटे मेंढरं माणसासारखी खोकतात, त्या खोकल्यानंच आम्ही उठायचो. मग आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज, तव्यावर बाजरी भाजल्याचा वास, आणि आप्पांची टकळी. लोकर कातायला त्यांना दिवस-रात्र काही लागायचं नाही, बोलता बोलता हात चालू. पाची घरांची मेंढरं एकाच जागी कोंडायची पद्धत होती. भोवती जाळी लावायची, तिला आम्ही वाघूर म्हणतो. ज्याची मेंढरं आत, त्यानं आपला खुंटा आपल्या हातानं ठोकायचा. कुणी आजारी असलं, परगावी गेलं, तरी त्याच्या घरातलं लेकरू येऊन खुंट्यावर दगडाचा एक घाव घालून जायचं. खुंटा नाही त्याची मेंढरं आत नाहीत. त्यात कुणाला दुष्टपणा वाटत नव्हता. आप्पांच्या डोक्यात सगळा कायदा एवढाच होता, आणि तो त्यांनी जन्मभर प्रामाणिकपणे पाळला.

आमच्या रांगेसमोर ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं एकच घर, काशीमावशीचं. ही बौद्धांची माणसं. नवरा, रामभाऊमामा, दौंडला रेल्वेत खलाशी होता, तिथंच चार जणांत खोली करून राहायचा आणि शनिवारी यायचा. लेक विमल, सहा-सात वर्षांची, नाक गळकं, पाढे मात्र घडाघडा. ते मीच शिकवले होते तिला, ओढ्यातल्या खडकावर बसून. आई मेंढरांमागं गेली की मला लहानपणी काशीमावशीनंच सांभाळलेलं. तिच्या हातची हुलग्याची शेंगोळी आमच्या घरात सगळ्यांना प्रिय. ती पातेल्यात घालून आणून द्यायची, आई आपल्या भांड्यात ओतून घ्यायची. आप्पा दोनदा वाढून घ्यायचे. कुणी केली हे आप्पांनी कधी विचारलं नाही आणि आईनं कधी सांगितलं नाही, आणि दोघांनाही सगळं माहीत होतं. आमच्याकडचा सोवळेपणा असा होता. लोकांना सांगायला नको आणि खायला हवं.

अशात सरकारचा हुकूम निघाला की राज्यभर गायरानावर जी घरं आहेत ती सगळी काढायची. तलाठी येऊन नोटिसा देऊन गेला. पोळ्यापर्यंत मुदत. जो स्वतःहून घर उतरवील आणि 'स्वखुशीने जागा सोडली' असं लिहून देईल, त्याच्या सामानाला हात लागणार नाही. बाकीच्यांकडं पोलीस आणि मशीन येणार. आई तर त्या दिवसापासून जेवली तरी पदरानं डोळे पुसतच जेवायची. दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, लग्न ठरलेलं. नवरीला आणायचं कुठं, हाच घोर. तेवढ्यात कळलं की शिरूरचे एक वकील ठिकठिकाणच्या गायरानवाल्यांची नावं घेऊन हायकोर्टात अर्ज लावताहेत. आप्पा शाईची डबी घेऊन घरोघर फिरले. मी मागं वही घेऊन. आप्पा अंगठा घ्यायचे, मी नाव लिहायचे. पाचवं घर झालं आणि आप्पा ओढ्याच्या काठाशी थांबले. मी विचारलं, काशीमावशीचं? आप्पा म्हणाले, रामभाऊ सरकारी माणूस, सरकारच्या इरुद्ध अंगठा कशाला देईल, त्यांचं त्यांची माणसं बघतील. आणि वळले. ओढ्यात पाणीसुद्धा नव्हतं. चार पावलं टाकली असती तर मावशी दारातच निवडत बसली होती, दिसत होती. मी वही मिटली. हा पहिला गुन्हा म्हणायचा तर तो आप्पांचा आणि माझा अर्धा अर्धा. पुढचा माझा एकटीचा.

पोळा आठ-दहा दिवसांवर आला तेव्हा वकिलांचा निरोप आला, काम झालं, कागद घेऊन जा. आप्पांना थंडीताप भरलेला, दादा कामावर. मला म्हणाले, तू जातीसच कॉलेजला, घेऊन ये. मी तास बुडवून कोर्टात गेले. वकील आत होते. त्यांचे मुनशी, चष्म्याला दोरा बांधलेले म्हातारे गृहस्थ, बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी कागद दिला. सगळा इंग्रजी. मला निम्माच कळला. मुनशींनी एकेका ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगितलं, की पुढची तारीख होईपर्यंत सरकारच्या या हुकमाला स्थगिती, कुठल्याही घराला हात लावायचा नाही. मी विचारलं, म्हणजे आमच्या पाच घरांना का? मुनशी हसले. "अगं पाच कुठली? अख्ख्या महाराष्ट्राला हाय हा. ज्यानं अर्ज केला त्याला, आन् ज्यानं न्हाई केला त्यालाबी." मला पटेना. एका कागदानं सबंध राज्य कसं थांबतं? मी पुन्हा विचारलं. मुनशींनी न चिडता पुन्हा तेच सांगितलं. येताना एसटीत मला बसायला जागा मिळाली नव्हती, पण सगळा रस्ता मी हसत उभी होते. काशीमावशीला सांगायचं म्हणून हसत होते, हे शपथेवर सांगते. त्या वेळेपर्यंत मी चांगली मुलगी होते.

वस्तीवर पाची घरं आमच्या अंगणात जमली होती. आप्पा घोंगडी पांघरून बसले होते, ताप होता तरी डोळे चमकत होते. मी कागद वाचला, जमेल तसं मराठीत सांगितलं. घरांना हात लावायचा नाही, एवढं म्हटलं आणि बायका रडायलाच लागल्या. कुणी तरी भंडारा उधळला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा चार पुरुष माझ्या तोंडाकडं बघत गप्प बसले होते. आप्पा म्हणाले, आमची हिरी वकील झाली. पुढचं वाक्य मी बोलणारच होते. तेवढ्यात एका म्हाताऱ्या चुलत्यानं विचारलं, मग ओढ्यापल्याडच्या घराचं काय? आप्पांनी समोरच्या वाघराकडं हात केला.

"ज्याचा खुंटा त्याची मेंढरं आत. आपुन खुंटं ठोकलं. त्यांचा खुंटा न्हाई, त्याला कोर्ट तरी काय करील? व्हय ना गं, हिरे?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी "व्हय" म्हणाले.

का म्हणाले, याची कारणं मी पुढं चाळीस वर्षं शोधत बसले. आप्पांना चारचौघांत खोटं पाडायचं कसं, हे एक. नुकतीच वकील झालेय, लगेच बापाला शहाणपण शिकवते, असं म्हणतील, हे दुसरं. पण खरं कारण बोलायचं तर, आप्पा बोलत असताना आईनं ओढ्यापलीकडं बघितलं होतं. सपाट जागा, दारात हापसा, दादाच्या खोलीला अगदी बेताची. आईनं बघितलं ते मी बघितलं, आणि मलाही ते बरं वाटलं. क्षणभरच. पण त्या क्षणातच "व्हय" तोंडातून गेलं. आप्पा चुकले ते अडाणीपणानं. मला तर शिकलेल्या माणसानं बोट ठेवून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हापशावर पाणी भरायला गेले. काशीमावशी अंगणात उभी होती. तिच्या कानावर काही तरी गेलं होतं. जवळ आली, हात पदराला पुसले आणि विचारलं, "पोरी, तू वाचलास म्हणं कागद. आमच्या घराचं नाव हाय का गं त्यात?"

मी म्हणाले, "नाव न्हाई, मावशे."

खरंच नव्हतं. एक अक्षर खोटं बोलले नाही मी. ओंकारच्या पुस्तकांत याला काय म्हणतात मला माहीत नाही, आमच्याकडं केसानं गळा कापणं म्हणतात. मावशीनं भरलेला हंडा हापशाखालून बाजूला ओढला. मग म्हणाली, बरं झालं बाई सांगितलंस, पोलीस येऊन भांडी रस्त्यावर फेकण्यापरीस आपलं आपुन निघालेलं बरं. आणि माझा हंडा तिनंच उचलून माझ्या डोक्यावर दिला.

रामभाऊमामा रजा काढून आला. तलाठ्यापुढं त्यानं लिहून दिलं. तलाठ्यालाही वरून स्टेचं काही आलं नसावं, किंवा आलं असलं तरी सुखासुखी सोडणाऱ्याला तो कशाला अडवील? दोन दिवस पत्रे उतरवायचं काम चाललं. पत्र्याचा आवाज ओढा ओलांडून आमच्या घरात यायचा, आणि आप्पा टकळी फिरवत बसायचे. आदल्या संध्याकाळी मला राहवेना. चुलीपुढं आईला सगळं सांगितलं, मुनशी काय म्हणाले ते. वाटलं, आई उठेल, पलीकडं जाईल. आईनं भाकरी उलटली. म्हणाली, आता टेम्पो ठरला, कागद झाला, आता बोलून बापाचं तोंड काळं करतीस व्हय, गप ऱ्हा. आणि मी गप राहिले. मला तर कुणीतरी गप राहा म्हणायलाच हवं होतं.

जायच्या दिवशी मी ओढ्यापलीकडं गेले. नुसत्या भिंती उभ्या होत्या, वर आभाळ. आणि काशीमावशी खाली बसून जमीन सारवत होती. पत्रे गेले, दार गेलं, चौकट गेली, आणि ही शेण कालवून, ओणवी होऊन, कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत सारवतेय. मी म्हटलं, मावशे, आता कशाला? तर म्हणाली, राहत्या जागेला उष्टं सोडून जाऊ नये. उठली, हात धुतले, आणि टेम्पोत चढायच्या आधी शेंगोळीनं भरलेला एक जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, डबा माझ्या हातात दिला. डबा द्यायला दौंडला ये, म्हणाली. विमल मागं पत्र्यांवर बसली होती. टेम्पो निघाला तशी मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बाराचा पाढा म्हणायला लागली.

त्या सारवलेल्या जमिनीवर महिन्याभरात दादाची खोली उभी राहिली. वहिनी तिथंच नांदायला आली. मी त्या जमिनीवर झोपलेय, जेवलेय.

सहा-सात महिन्यांनी आप्पा कसल्याशा कामाला वकिलांकडं गेले आणि तिथं त्यांना कळलं. घरी आले, पागोटं काढून ठेवलं आणि मला विचारलं, "तुला ठावं व्हतं का गं?" मी म्हणाले, न्हाई आप्पा, सगळं इंग्रजीत व्हतं. त्यांचा विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं गेले, रामभाऊचा कागद फिरवून द्या म्हणाले. तो म्हणाला, स्वखुशीनं सोडलेलं परत येत न्हाई. पुढं सरकारनंच तो हुकूम गुंडाळला आणि जी घरं जागेवर होती ती ज्याच्या त्याच्या नावावर झाली. ओढ्यापलीकडची खोली दादाच्या नावावर झाली. आप्पा त्या खोलीत शेवटपर्यंत कधी बसले नाहीत. आपल्या अडाणीपणानं एका गरिबाचं घर गेलं, असं समजून तो माणूस गेला. माझा वाटा त्यांनी आपल्या डोक्यावर घेतला आणि मी घेऊ दिला.

लग्न होऊन मी आले कुठं, तर दौंडला. देवाला पण खोड्या काढायच्या असतात. दौंड केवढंसं; तरी रुळांच्या पलीकडं, रेल्वेची माणसं राहायची त्या बाजूला, मी वर्षानुवर्षं काही काम काढलं नाही. तिकडचा दवाखाना चांगला म्हणायचे, मी पोराला अलीकडच्याच डॉक्टरकडं नेलं. शेवटी रिटायर व्हायच्या वर्षी शिक्षकांच्या एका बैठकीत एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. हिराताई ना तुम्ही? बाराचा पाढा तुम्हीच शिकवला मला. विमल. तीही मास्तरीण झालेली. रामभाऊमामा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मावशी मात्र होती. आई रोज तुमचं नाव काढते, घरी या, म्हणाली.

डबा माझ्याकडं अजून होता. चार घरं बदलली, तो टाकवला नाही. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, ही आपली रीत. त्यात काय घालायचं हे मला ठाऊक होतं. आप्पांच्या ट्रंकेत तो कोर्टाचा कागद होता, पिवळा पडलेला. त्याची घडी करून मी डब्यात ठेवली आणि रिक्षात बसले. आज सांगायचंच, असं ठरवून.

भाड्याची दोन खोल्यांची जागा. मावशी कॉटवर बसलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाजावरून ओळखलं. माझा हात हातात घेऊन सोडेना. विमलच्या पोरांना हाका मारून बोलावलं आणि सांगायला लागली, हीच ती. समदी वस्ती गप बसली व्हती, ही एकटी पोरगी खरं बोलली. नाव न्हाई म्हणाली. तिनं सांगितलं, न्हाईतर पोलिसांनी आपली भांडी फेकली असती रस्त्यावर, तुमच्या आजोबाची इज्जत गेली असती. इतकी वर्षं ती मला दुवा देत होती. भाड्यानं सात घरं बदलताना, पावसाळ्यात गळक्या छपराखाली, मला दुवा देत होती.

मी पाणी प्यायचं म्हणून उठले. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला, कागद काढला, पर्समध्ये कोंबला, आणि विमलला म्हटलं, थोडी साखर दे गं. तिनं आश्चर्यानं बघितलं, पण दिली. तिचीच साखर तिच्या डब्यात घालून तो मी मावशीच्या मांडीवर ठेवला. मावशीनं चिमूटभर तोंडात टाकली, म्हणाली, रीत विसरली न्हाई माझी पोर. त्याच्यावर मला शेंगोळी वाढली. मी खाल्ली. दोनदा घेतली.

मावशी गेल्या वर्षी गेली. मी मातीला गेले होते, सगळ्यांत मागं उभी होते. तिथंही चार बायकांनी मला पुढं जागा करून दिली.

तेव्हा ओंकार, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की, बाळा, कोर्टात जो गेला नाही त्यालाही स्टे मिळावा, कारण त्याचं नाव वहीत न घेता कुणीतरी ओढ्याच्या काठावरून परत वळलेलं असतं. पण कोर्टानं कितीही मोठा हुकूम दिला तरी तो शेवटी माझ्यासारखीच्या तोंडूनच पलीकडच्या दारात पोचतो. हे तुझ्या पुस्तकात असेल तर मला दाखव.

आणि विमल, ही पानं छापून झाली की पहिली प्रत घेऊन मी तुझ्याकडं येणार आहे, आत तो पिवळा कागद ठेवून. इंग्रजी तुला माझ्याहून चांगलं येतं. तुमचं नाव त्यात नव्हतं, हे खरं. पण असायची गरजच नव्हती. मला ते ठाऊक होतं. मुनशींनी दोनदा सांगितलं होतं.